नव्वद गुणांचं नाटकघर

मुलांनो, अशी कल्पना करा की दोन हजार सोळा साल आहे, तुम्ही सिंगापूरमध्ये आहात आणि समोर शंभर वर्षांचा एक पब आहे. खाली बिअर, माडीवर ऐंशी खुर्च्यांचं नाटकघर. ते पर्यावरणपूरक करण्याचं काम सुबोध नावाच्या आर्किटेक्टकडे आलं. सुबोध मूळचा पुण्याचा, त्यामुळे सुरुवात त्यानं शंभर वर्षांच्या चुका सांगण्यापासून केली.

मग त्यानं भिंतीत झरोके काढले. वारा आला, पण त्याबरोबर रस्त्यावरच्या बसही ऐकू येऊ लागल्या. म्हणून जाड काचा बसवल्या. हवा कोंडली, म्हणून भिंतींवर झाडं लावली. झाडांना ऊन मिळेना, म्हणून दिवे लावले. विजेचा वापर वाढला, म्हणून रंगमंचावरचे दिवे काढले.

दाराजवळच्या स्क्रीनवर इमारतीचे हरित गुण क्षणोक्षणी दिसत. उद्‌घाटनाला नव्वद हवेत, तरच प्रमाणपत्र. रिकामं नाटकघर अठ्ठ्याण्णव मिळवी. माणसं श्वास घेऊ लागली की गुण उतरत.

"इमारत उत्तम आहे," सुबोध घरी म्हणाला. "प्रेक्षक जुन्या पद्धतीचे आहेत."

"मग कुलूपच लाव," त्याची बायको विनीता म्हणाली. "शंभर मिळतील."

सुबोधनं ही सूचना वहीत टिपून घेतली.

उद्‌घाटनाला मराठी मुलांचं नाटक होतं. सुबोधची आठ वर्षांची लेक जाई त्यात जहाजाची कप्तान होती. दोन महिने ती झोपेतही नांगर टाकत होती. आधी सुबोधचं प्रास्ताविक झालं, चाळीस मिनिटं. स्क्रीनवर एकोणनव्वद!

सुबोध घाईनं विंगेत गेला. "बाळा, नाटक रद्द करू या. तुम्ही नाचणार, धापा टाकणार. आधीच एक गुण कमी आहे गं."

"आम्ही अजून नाचलोच नाही!" जाई म्हणाली आणि सिंगापुरी इंग्रजीवर आली. "बाबा, यू टॉक सो लाँग, ला!"

"ते तांत्रिक निवेदन होतं."

जाईनं स्क्रीनकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. मग त्याचा हात धरून त्याला जिन्यावर नेऊन उभं केलं आणि काचेचं दार लावून घेतलं.

स्क्रीनवर नव्वद झाले. बाहेर उभ्या सुबोधला पहिल्यांदा आनंद झाला तो त्याचाच.

आत पहिल्या रांगेतल्या, आमच्यासारख्या जाणत्या माणसांनी जाईचं तोंड भरून कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या आणि खिशातून आपापली भाषणं काढली.

जाईनं पुन्हा दार उघडलं आणि पहिल्या रांगेकडे हात पुढे केला.