सबनीसकाकांना सरळ रेघ चालत नाही

मिनिआपोलिसजवळच्या आमच्या ईडन प्रेरीत दोन घरांमध्ये कुंपण नसतं. ज्यानं त्यानं आपल्या हद्दीपर्यंत गवत कापायचं, की मधली रेघ आपोआप दिसते. आमच्या आणि शेजारच्या सबनीसकाकांच्या लॉनमध्ये मात्र ती दिसत नाही. काका मशीन घेऊन निघतात ते थेट आमच्या मेपलला वळसा घालून, आमचं चतकोर गवत कापून, नागमोडी परत जातात. पंचाहत्तरी उलटलीय, पण ऐकतील तर शपथ!

"काका, प्रॉपर्टी लाइन सरळ आहे हो," माझा नवरा एकदा म्हणाला.

"कोणी आखली? इथे राहणाऱ्यानं? नाही ना? मग पट्टी ठेव खाली!"

नवऱ्याच्या हातात पट्टी नव्हती, कॉफीचा मग होता. बिचाऱ्यानं तोच खाली ठेवला.

"पट्टी ठेव खाली" हे काकांचं ब्रह्मवाक्य. मंडळाच्या गणपतीत त्यांना बर्फी कापायला बसवलं, तर कोणाला तळहाताएवढा तुकडा, कोणाला शेंगदाण्याएवढा. माझी मुलगी म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ रेक्टँगल!" झालं! तिला अर्धा तास लेक्चर. काका तरुणपणी इथिओपियात, सोमाली मुलखातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. "युरोपातल्या साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि पट्टीनं आफ्रिका कापली. एक सोमाली भाषा बोलणारी माणसं, त्यांचे पाच तुकडे! विहीर या देशात, उंट त्या देशात. मग बंदुका निघणार नाहीत तर काय आरत्या होणार?" मुलीनं बर्फी संपवली आणि "ओके" म्हणाली.

मिनिआपोलिसमध्ये सोमाली माणसं भरपूर, त्यामुळे काकांची चंगळ. टॅक्सीत बसले की पहिला प्रश्न, "रेघेच्या कुठल्या बाजूचे?" कोणी केनियाचा निघतो, कोणी इथिओपियाचा, कोणी जिबूतीचा, आणि फोनवर सगळे एकाच भाषेत बायकोची बोलणी खातात. एक ड्रायव्हर मात्र हसून म्हणाला, "अंकल, सगळा दोष रेघेला देऊ नका. भाषा एक असूनही आम्ही आपसात भांडलोच की."  

काका आता ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून दर शनिवारी मीच त्यांना एका सोमाली चहाच्या दुकानाशी सोडते. मला वाटायचं, तिथल्या सामोशांसाठी जातात. गेल्या शनिवारी स्नो पडत होता म्हणून मीही आत बसले. बघते तर काका प्रत्येक म्हाताऱ्याला एकच विचारत होते, "अब्दीमास्तरांना ओळखता का?"

"कोण हे, काका?"

"आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर. एका खोलीत राहायचो. माझ्या पिठल्याला 'पिवळा चिखल' म्हणायचा आणि दोनदा वाढून घ्यायचा." काका हसले आणि मग खाली बघत बोलायला लागले. "इथिओपिया आणि पलीकडचा सोमाली देश यांच्यात युद्ध पेटलं. इथिओपियाचे शिपाई शाळेत आले, अब्दीचं गाव कुठल्या बाजूला म्हणून विचारलं. मी भूगोलाचा मास्तर ना! भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली आणि सांगितलं, पलीकडे. उत्तर अगदी बरोबर होतं गं. त्याला जीपमध्ये घालून नेलं. पुढे काहीच कळलं नाही."

 तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आत आले. त्यांना बघून काका माझ्या मागे सरकले.

"तसाच दिसतोय," ते पुटपुटले. "तू विचार. मला नाही होणार."

मी जाऊन विचारलं. आजोबा मिश्किल हसले. "मुली, अर्ध्या दुकानाचं नाव अब्दी आहे!" पण शाळेचं म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला होता.

"ते नाहीत, काका."

काकांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. मग आपण सुटकेचा श्वास सोडला हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते भर दुकानात तोंडावर हात ठेवून रडायला लागले.