होल्याच्या घराचं कोटेशन

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि घर बांधून देणाऱ्यांच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. त्या जंगलात मनोहर नावाचा एक होला राहत होता. होला म्हणजे कबुतराचा गरीब चुलतभाऊ. त्याच्या बायकोचं नाव शालन.

होल्यांना घर बांधता येत नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. दहा-बारा काड्या आडव्यातिडव्या टाकायच्या आणि त्याला घर म्हणायचं. खालून वर पाहिलं तर आभाळ दिसतं. मागच्या वर्षी अशाच घराच्या फटीतून शालनचं एक अंडं खाली पडलं होतं. ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, यंदा मला पक्कं घर हवं. दुसरं काही नको."

मनोहरला ते फार लागलं. अंडी व्हायला महिना होता. त्याने ठरवलं, या वेळी घर कंत्राटदाराकडून बांधून घ्यायचं.

आता मनोहर काही साधासुधा पक्षी नव्हता. फसणाऱ्यांतला तर मुळीच नव्हता. तसं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याने पळसाच्या पानावर एक तक्ता आखला. एका रकान्यात कंत्राटदाराचं नाव, दुसऱ्यात भाव, तिसऱ्यात शेरा. तक्ता इतका सुबक झाला की त्याने तो शेजारच्या साळुंकीलाही नेऊन दाखवला.

पहिला आला सुगरण मिस्त्री. याची घरटी ओढ्याकाठच्या बाभळीवर वर्षानुवर्षं लटकत होती. आल्या आल्या त्याने वारा कुठून येतो ते पाहिलं, फांदी वाकवून पाहिली, आणि म्हणाला, "शंभर कणसं पडतील. महिनाभर लागेल. गवत माझं."

"काही कमी-जास्त?" मनोहरने विचारलं.

"कमी केलं तर गवत कमी घालावं लागेल," मिस्त्री म्हणाला, आणि चहा न घेताच उडून गेला.

मनोहरने तक्त्यात शेरा लिहिला : 'बोलण्याची रीत नाही. माज आहे.'

दुसरा आला कोकीळभाऊ. तो आंब्याच्या शेंड्यावरून बोलू लागला, तसे सगळे पक्षी घराबाहेर येऊन ऐकत राहिले. काय तो आवाज! "साहेब, घर म्हणजे भिंती नव्हेत," तो म्हणाला, "घर म्हणजे भावना. चाळीस कणसं द्या."

"चाळीसच?" मनोहरला गहिवरून आलं. पण तो सावध होता. "आधी तुमचं एखादं काम पाहू."

"जरूर पाहा. वहिनींनाही घेऊन या."

कोकीळ त्या दोघांना एका उंच कडुनिंबावर घेऊन गेला. तिथे एक भक्कम घरटं होतं. जाड काड्या, मध्ये तारेचे दोन-तीन तुकडे, आत मऊ काथ्या. मनोहरने पाय आपटून पाहिला, कडेला चोच मारून पाहिली, एकदा आत बसूनही पाहिलं. घरटं हललं नाही.

"मालक बाहेर गेलेत," कोकीळ हळूच म्हणाला. "जरा लवकर आटपू या. आणि हे ठिपक्यांचं अंडं दिसतंय ना? ते माझं. माझी सगळी मुलं असल्याच घरांत वाढली. मी स्वतःची पोरं जिथे ठेवतो, साहेब, त्याची आणखी काय गॅरंटी देऊ?"

मनोहरने शालनकडे विजयी नजरेने पाहिलं. शालन मात्र कोकिळाकडे पाहत होती. "भावजी," ती म्हणाली, "तुम्हाला काडी उचलताना मी कधी पाहिलं नाही."

मनोहर शरमेने लाल झाला. "अगं, मोठे कंत्राटदार स्वतः काड्या उचलतात का? काहीतरीच तुझं!"

मग तो घासाघीस करायला बसला. चाळीसचे बत्तीस केले. कोकीळ लगेच हो म्हणाला. वर एक बाल्कनी फुकट मागितली. कोकीळ त्यालाही हो म्हणाला. सगळी कणसं आगाऊ दिली तर आणखी दोन कमी होतील का, असं मनोहरने विचारलं. "तुमच्यापुढे आमचं काय चालणार, साहेब!" असं म्हणून कोकिळाने तीस कणसं उचलली.

मनोहरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने शेरा लिहिला : 'नम्र. समजूतदार.'

पहिला आठवडा गेला. कोकीळ रोज पहाटे आंब्यावर गायचा, पण काम काही दिसेना. "सध्या कल्पनेवर काम चालू आहे," तो म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "जागेचा शोध चालू आहे." तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "जागा सापडली, मुहूर्त बघतोय." गाण्यात मात्र एक दिवसही खंड पडला नाही. "कामाशिवाय एवढा उत्साह येतो का कुणाला?" मनोहर बायकोला सांगायचा. शालन दिवस मोजत असे. तिचं अंग जड झालं होतं.

चौथा आठवडा संपला आणि कोकीळ स्वतःच बोलवायला आला. "चला साहेब, ताबा घ्या!"

तो त्यांना एका चिंचेवर घेऊन गेला. तिथे तसंच भक्कम घरटं होतं. अगदी तयार. आत तीन अंडीसुद्धा होती.

"ही कुणाची?" शालनने विचारलं.

"मालकांची. ते बाहेर गेलेत. वहिनी, तुम्ही पटकन तुमची घालून घ्या आणि निघा. पुढचं सगळं मालक बघतात. आमच्याकडे हीच पद्धत आहे."

शालन काही बोलायच्या आत मालक आले. मालक म्हणजे कावळा. "कोण रे तिकडे?" असं ओरडत तो धावून आला, आणि मागून त्याचे सात भाऊबंद आले. कोकीळ कधीच पसार झाला होता. मनोहरच्या शेपटीची चार पिसं तिथेच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, कोकीळ खोटं बोलला. नाही बाळांनो. अंडं त्याचं होतं, मुलं तिथेच वाढली होती, घरटं भक्कम होतं. ते कुणी बांधलं, एवढंच मनोहरने विचारलं नव्हतं. तक्त्यात तो रकानाच नव्हता.

त्याच दुपारी शालनने जवळच्या बेचक्यात अकरा काड्या टाकल्या आणि त्यांवर दोन अंडी घातली. मनोहर खाली उभा राहून वर पाहत होता. त्याला आभाळ दिसत होतं, आणि दोन अंड्यांच्या तळाचा पांढरा रंग दिसत होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने तक्ता चावून गिळून टाकला.

शालन दोन आठवडे जागची हलली नाही. मनोहर तिला दाणे आणून देई. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली तेव्हा ती उठली, आणि तिचा एक पाय दिवसभर सरळ होईना.

पुढल्या महिन्यात एक तरुण बुलबुल मनोहरकडे आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. "काका, तुम्ही कोकीळभाऊंकडून घर बांधून घेतलं म्हणे. कसं काय काम त्यांचं?"

मनोहरने शालनकडे पाहिलं. शालनने त्याच्याकडे पाहिलं. साळुंकीही कान देऊन ऐकत होती.

मनोहरने घसा साफ केला. "माणूस फार गोड आहे," तो म्हणाला. "फक्त घासाघीस करायला शीक. मी तिसात मिटवलं. तू पस्तीसच्या वर जाऊ नकोस."

तात्पर्य : घर बांधायला काढण्यापूर्वी, ज्यांनी आधी बांधलं आहे अशा अनुभवी लोकांचा सल्ला अवश्य घ्यावा. आपण फसलो हे ते जन्मात कबूल करत नाहीत, त्यामुळे फसण्याची संधी पुढच्यालाही तितकीच मिळते. आमच्या घराचं विचाराल, तर उत्तम झालं आहे.