आप्पांच्या रेल्वेचे सांधे

उचगावात आमच्या शेजारच्या चौगुले आप्पांकडं गेलात तर चहाच्या आधी तुमच्या बोटाची परीक्षा होते. बेल जरा जास्त वेळ दाबली की आतून ओरडतात, "पावणं, बोट काढा की! बेल हाय, मोसंबं न्हवं!"

कागलच्या एमआयडीसीत आप्पा इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, म्हैस घेतात. ह्यांनी घराच्या पुढच्या सोप्यात प्लायवूड टाकून त्यावर खेळण्यातली रेल्वे मांडली. गाडी ह्या रुळावरनं त्या रुळावर वळवायला सांधे केले आणि प्रत्येक सांध्याला मशिनीवर असतात तसली दोन बटणं. हिरवं दाबलं की गाडी सरळ, लाल दाबलं की वळून. फळीखालची तारेची कॉइल खट्‌दिशी सांधा सरकवते. पण बटण धरून ठेवलं की कॉइल जळालीच म्हणून समजा. "टिचकी मारा आनि इसरा!" हा आप्पांचा मंत्र.

आता कोल्हापूरच्या माणसाला टिचकी मार म्हणून चालतंय होय? मी पहिल्याच दिवशी एक कॉइल उडवली. आप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले तेव्हाही, "या, जाळपोळे!"

मागच्या वर्षी आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताचं बोट एकदा टेकलं की लवकर उठत नाही. बसून बसून कंटाळतात म्हणून आप्पांनी त्यांना रेल्वेपाशी बसवलं. त्यांनी लाल बटण दाबलं आणि कॉइल जळाली. "मालच बोगस निघाला," आप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरी जळाली. तिसऱ्या दिवशी काकूंनी खुर्ची भिंतीकडं करून घेतली. "नगं मला. मी हात लावला की जळतंय."

 मला फार वाईट वाटलं.

मग आठवडाभर आप्पा सोल्डरिंग करत बसले. काकूंच्या हाताजवळच्या दोन बटणांना त्यांनी कपॅसिटरची एक डबी जोडली. ती कॉइलला एकदाच झटका देते, मग बटण कितीही वेळ धरा.

"अगं, एकदा बघ तर," म्हणून त्यांनी खुर्ची फिरवली. काकूंनी घाबरत बटण दाबलं. खट्! गाडी वळून गेली. बोट तिथंच. काकू वाकून फळीखाली धूर बघायला लागल्या. धूर नव्हता. मग त्या हसल्या, आणि बोट निघेपर्यंत हसतच राहिल्या.

मी म्हटलं, "आप्पा, ही डबी आमच्याबी बटणांना लावा की!"

"तुमास्नी कशाला?" पुसलेला पाना परत पुसत आप्पा म्हणाले. "तुमची बोटं उठत्यात की."