गुरुवारचा पेशंट

आमच्या मेडिकलच्या वर्गात देवतळे सर येत नाहीत, पेशंट येतो. डोक्याला दुपट्टा, हातात कापडी पिशवी, आणि दारापासूनच कण्हणं. "डाक्टरसाहेब, मले बरं नाही वाटून राहिलं." पुढे तासभर सर कुठेच नसतात. कधी गुडघे धरून बसलेला गांधीबागेतला कापडवाला असतो, कधी चक्कर येणारी सक्करदऱ्याची आजीबाई. आम्ही प्रश्न विचारायचे आणि आजार शोधायचा.

कोणी गुरकावून विचारलं, की पेशंट उठतो. "दुसऱ्या डाक्टरकडे जातो मी." आणि खरंच शेजारच्या वर्गात, चालू लेक्चरला, शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. मग माफी मागून त्याला परत आणावं लागतं. तिथले सर आता फळ्याकडून वळूनही पाहत नाहीत.

मला लेक्चरच बरं वाटायचं. लिहून घेतलं की झालं, बोलावं लागत नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुस्तकी भाषेत प्रश्न जुळवेपर्यंत दुसरं कोणी तरी विचारून मोकळं व्हायचं. "पेशंटसमोर काय पाठ म्हणून दाखवशील?" सरांनी एकदा विचारलं होतं. तोंडी परीक्षा जवळ येत होती आणि माझं तोंड काही उघडत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पेशंट आला, तो न कण्हताच. "भूक नाही लागून राहिली. वजन उतरलं." मुलांनी ताप, खोकला, शुगर, सगळं विचारून पाहिलं. काहीच नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "डाक्टरीणबाई, तुम्ही काहून गप्प?"

घाबरून माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली. "बाबाजी, तुम्ही जेवता कोनासंग?"

"टीव्हीसंग."

वर्ग हसला. पेशंट हसला नाही. "पहिले दोघं जेवत होतो," म्हणाला, आणि दुपट्टा काढून त्याची घडी घालू लागला. घडी काही नीट होईना. सुट्टीत सरांच्या पत्नी वारल्याचं आम्हाला कळलं होतं.

"उपचार सांग," सर म्हणाले. आवाज सरांचाच होता.

"मेसमध्ये गुरुवारी पाटोडी-रस्सा असतो, सर," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

ते पिशवी उचलून निघून गेले. आपण फार बोललो, असं मला वाटत राहिलं.

गुरुवारी दुपारी मेसमध्ये माझ्यासमोरची खुर्ची सरकली. कापडी पिशवीतून डबा निघाला, आणि दुपट्टाही.

"डाक्टरीणबाई," पेशंट म्हणाला, "फॉलोअपले आलो."