दौलतची दोन पाकिटं

आमच्या शेजारच्या दौलतसमोर कोणी गोळी घेऊ नये. घेतली की हा माणूस खुर्ची ओढून समोर बसतो. "जीभ वर करा, काकू." मी करते, काय करणार. मग अर्धा घंटा एक डोळा घड्याळावर, एक माझ्या तोंडावर. माझ्या बीपीच्या एका गोळीमागं हा माझा दोन कप चहा पितो. "ओकलं नाई. पास," म्हणतो आन् उठतो.

नोकरीच तशी आहे म्हणा. मलेरिया झालेल्या लेकरांना दोन औषधं एकत्र करून देतात. अशा दोन जोड्यांतली कोणती जास्त बरी, हे पाहायचं काम आदिलाबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी काढलं. कोणत्या लेकराला कोणती, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. दौलत गोळ्या गिळवतो, ओकल्या तर पुन्हा देतो, आन् ताप फिरून येतो का म्हणून अट्ठावीस दिवस बोटाचं रक्त तपासत राहतो. घाईनं मत द्यायची याची सवयच गेली. मी विचारलं, "माझा नवा जावई कसा वाटला रे?" तर म्हणे, "लग्नाला अट्ठावीस दिवस झाले का, काकू?"

या पावसाळ्यात डोंगराकडच्या एका गावात दोघी बहिणी तापानं पडल्या. सहा वर्षांची आन् आठ वर्षांची. धाकटीच्या चिठ्ठीत दिवसातून एकदाच औषध निघालं, मोठीच्या दोनदा. सकाळचं दौलत स्वतः द्यायचा, मोठीचं संध्याकाळचं आईजवळ ठेवून यायचा.

तिसऱ्या दिवशी आईनं कौतुकानं सांगितलं, "संध्याकाळची गोळी दोघींना अर्धी-अर्धी दिली, भाऊ. दोघी एका ताटात जेवतात. एकीनं खायचं आन् दुसरीनं काऊन पाहत राहायचं?"

दौलतनं तिथंच उरलेल्या गोळ्या मोजल्या. मोठीला औषध कमी पडलं होतं, धाकटीच्या पोटात दोन्ही गेली होती. बाकी कोणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहिला असता तर वही साफ होती. यानं सगळं लिहून दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी कैफियत मागितली, दोघींना तपासलं, मोठीला औषध पहिल्यापासून दिलं आन् दोघींची नावं मोजणीतून काढली.

मी म्हटलं, "सांगितलं काऊन रे बाबा?"

"काकू, उद्या हजार लेकरांना कोणती गोळी द्यायची, ते यावरून ठरन. खोटं कसं लिहू?"

नावं गेली तशी त्याची फेरीही संपली होती. पण बाईंना विचारून हा दर मंगळवारी स्वतःचं पेट्रोल जाळत जायचाच. मोठीचा ताप परतला तर, हाच घोर. "सुईवाला मामा आला," म्हणत धाकटी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगामागं लपायची. मोठी मुकाट बोट पुढं करायची आन् डोळे मिटून म्हणायची, "लवकर टोच, मामा, शाळा हाय."

अट्ठावीस दिवस भरले, त्या शेवटच्या मंगळवारी दोघींचं रक्त साफ निघालं. मी म्हटलं, "सुटला तू एकदाचा."

"हो, सुटलो," म्हणाला, आन् माझ्या ओट्यावरच बसून राहिला. त्याच्या घरात दुसरं कोणी नाही.

पुढच्या मंगळवारी पाहते तर भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून गाडी काढून राह्यला.

"कुठं रे?"

"त्या दोघींकडं. जरा तपासून येतो."

"आन् सुयांचा डबा? तो तर माझ्या ओट्यावरच पडला आहे."

त्यानं डब्याकडं पाहिलं, गाडीला किक मारली.

"राहू द्या, काकू. आज नाई लागत."