कुरासे गावात उतरलेलं अस्वल

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," मित्सुयो म्हणाली. "जायचं, गरम पाण्यात डुंबायचं, जेवायचं, झोपायचं आणि परत यायचं. अहो, कुरिअरने पाठवलेली बॅगसुद्धा एवढं एकटीने करते!"

तेइझो सुगाया बॅगेकडे हेव्याने पाहत राहिला. योकोहामाच्या एका स्टेशनवर चौतीस वर्षं घोषणा करून तो वसंतात निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून सात महिने बायकोच्या मागे मागे घरभर फिरत होता. ती भांडी घासायला लागली की हा विचारायचा, "आता काय करतेस?" ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली की हा काचेमागे उभा. शेवटी तिनेच फोन करून कुरासे नावाच्या नदीकाठच्या गावातली एक लहानशी सराई ठरवली, थंडीसाठी नवा कोट आणला आणि नवऱ्याला गाडीत बसवून दिलं. कोट तपकिरी, केसाळ, कानांवरून ओढायच्या टोपीसकट होता.

तेइझो भित्रा होता एवढंच म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. लिफ्टमध्ये एकटा असला की तो घाबरायचा आणि कोणी सोबत आलं की जास्त घाबरायचा. अनोळखी संडासातली बटणं पाहून त्याला घाम फुटायचा. त्याला धीर देणारी गोष्ट जगात एकच, ती म्हणजे घोषणा. काय करा आणि काय करू नका हे कर्ण्यातून कोणी शांत आवाजात सांगितलं की त्याच्या जिवात जीव यायचा. ज्याने आयुष्यभर सूचना दिल्या, त्याने त्या कधी मोडल्या नव्हत्या.

सराईच्या मालकीणबाई ओरिए यांनी चहा पुढे ठेवला. "अंधार पडायच्या आत नदीवर चक्कर मारून या, सुगायासान. फक्त अस्वलाकडे जरा लक्ष असू द्या."

"कोणाकडे?"

"अस्वल हो. या दिवसांत फळं खायला डोंगरावरून खाली येतात. गेल्या वर्षी एक आमच्या मागच्या अंगणात येऊन गेलं. पण तुम्ही नका काळजी करू. कोणाला दिसलं की पालिकेत फोन जातो आणि तिथले नोझुए कर्ण्यावरून सांगतात. ते सांगतील तसं करायचं, झालं."

शेवटचं वाक्य ऐकून तेइझोला थोडं बरं वाटलं. तरी तो खोलीतच बसला असता. पण नदीचा एक फोटो पाठवायचं त्याने मित्सुयोला कबूल केलं होतं. एक फोटो काढायचा आणि सकाळपर्यंत पांघरुणात शिरायचं, असं ठरवून त्याने कोट चढवला, टोपी ओढली आणि बाहेर पडला.

नदीवर धुकं उतरलं होतं. खालच्या पुलाजवळ पर्सिमनचं एक झाड फळांनी लगडून पाण्यावर वाकलं होतं. त्याच्या मागे नदी छान दिसेल म्हणून तेइझो एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला जमीन नव्हती. तो बसल्या बसल्या घसरत थेट काठच्या चिखलात गेला. फोन हातात राहिला, पण चष्मा नाकावरून उडाला. चष्म्याशिवाय तेइझोला जग म्हणजे नुसते रंगांचे ठिपके दिसायचे. तो गुडघ्यांवर आला आणि झाडाखाली चारी बाजूंनी चाचपडू लागला. हाताला काही गोल लागलं की तो ते नाकाशी आणून पाहायचा, हुंगायचा आणि फेकून द्यायचा. प्रत्येक वेळी पर्सिमनच निघत होतं.

तेवढ्यात गावाचा कर्णा खरखरला.

"कुरासे पालिकेकडून सूचना... सूचना..." शेवटचा शब्द डोंगरावर आपटून परत यायचा. "खालच्या पुलाजवळ, पर्सिमनच्या झाडाखाली, मोठं अस्वल फळं खाताना दिसलं आहे... आहे... नागरिकांनी दारं लावून घरात थांबावं. बाहेर असलेल्यांनी पळू नये. अस्वलाला पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकावं... सरकावं..."

तेइझोच्या हातातलं फळ गळून पडलं. पर्सिमनच्या झाडाखाली? पर्सिमनच्या झाडाखाली तर तो स्वतः होता! म्हणजे ते इथेच आहे. हाताच्या अंतरावर असेल. त्याने डोळे फाडून पाहिलं. डावीकडे काहीतरी काळं होतं, उजवीकडे काहीतरी तपकिरी होतं, आणि समोरचं करडं तर हललं असं त्याला स्पष्ट वाटलं.

सूचना पाळायला तो तयार होता, पण अडचण अशी की अस्वल कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नसताना पाठ कुणाला दाखवायची नाही? विचार करून तो गोल गोल फिरत मागे सरकू लागला. तसाच, वाकलेला, हात टेकत, काठ चढून रस्त्यावर आला. घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं.

"सूचना... अस्वल काठ चढून रस्त्यावर आलं आहे. ते गोल फिरत उलटं चालत आहे." कर्णा क्षणभर गप्प झाला. "असं ते का करत आहे, हे पालिकेला समजलेलं नाही."

तेइझोला मात्र समजलं. ते त्याच्या मागावर होतं. तो जे करत होता तेच करत होतं. जनावर साधं नव्हतं!

सूचना मोडून तो धावत सुटला. रस्त्यावरचं पहिलं दार हाताला लागताच त्याने तीन थापा मारल्या. 'वाचवा' म्हणायला तोंड उघडलं, पण घशाला इतकी कोरड पडली होती की "आँऽऽ" एवढंच बाहेर आलं.

आतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "जा रे मेल्या! झाडावरची फळं पुरली नाहीत का तुला, म्हणून माझ्या दाराशी आलास? खिडकीतून दोनदा पाहिलं मी तुला! झाडूने सडकून काढीन!"

तेइझो दचकला. बाई अस्वलाशी बोलत होती. म्हणजे ते त्याच्या अगदी मागे, पायरीवर उभं होतं. मागे न बघता तो बाजूला झेपावला आणि रस्त्याने पुढे निघाला. घरांच्या खिडक्यांचे पडदे जरासे हलत होते आणि पुन्हा मिटत होते. एकही दार उघडलं नाही.

"सूचना... अस्वलाने ताने आजींच्या दारावर थापा मारल्या. आजी सुखरूप असून चिडलेल्या आहेत. अस्वल अगदी जवळ आल्यास जमिनीवर पालथं पडावं, दोन्ही हातांनी मान झाकावी आणि हलू नये... नये..."

याहून जवळ ते काय येणार होतं? तेइझो होता तिथेच रस्त्यावर पालथा पडला. दोन्ही हात मानेवर घेतले, डोळे मिटले आणि मित्सुयोला मनातल्या मनात निरोप दिला. रस्ता बर्फासारखा गार होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. त्याला तो श्वास वाटला.

कर्ण्यावर या वेळी बराच वेळ नुसती खरखर झाली.

"अस्वल... अग्निशमन ठाण्यासमोर पालथं पडलं आहे. त्याने मान झाकली आहे." नोझुए यांनी आवंढा गिळलेला साऱ्या खोऱ्याला ऐकू आला. "ते सूचना ऐकत असावं. म्हणून यापुढच्या सूचना हळू आवाजात दिल्या जातील."

ते त्याच्या शेजारी येऊन झोपलं होतं! मान न हलवता त्याने कोटाच्या खिशातून फोन काढला आणि सवयीच्या बोटाने बायकोला लावला.

"पोचलात का फोटो काढायला?" मित्सुयोने विचारलं. मागे टीव्हीवर कोणीतरी हसत होतं.

"मित्सुयो," तो कुजबुजला, "माझ्या शेजारी अस्वल झोपलंय."

"काय?"

"हळू बोल. मी करतो तेच करतं ते. मी मागे चाललो, ते मागे चाललं. मी दार वाजवलं, त्यानेही वाजवलं. आता मी पालथा पडलोय तर तेही पडलंय, मान झाकून."

"तुम्ही पाहिलंत का त्याला?"

"चष्मा पडलाय. पण कर्ण्यावर सांगताहेत ना!"

पलीकडे टीव्ही बंद झाला. "अहो, कर्ण्यावर एका अस्वलाबद्दल सांगताहेत. तिथे एका माणसाबद्दल कोणी काही बोललं का?"

तेइझोने आठवून पाहिलं. "नाही."

"अंगात कोट कुठला आहे?"

"तू आणलेला. चिखलाने भरलाय जरा."

मग ती एकेक शब्द तोडून म्हणाली, "आता उठू नका. हलू नका. पण मोठ्याने काहीतरी बोला. माणसासारखं. ताबडतोब!"

त्याच वेळी रस्त्यावर रबरी बुटांचे आवाज आले. गावच्या शिकारी संघाचे चौघे जण आले होते. चौघेही सत्तरीच्या पुढचे.

"किहाची, नेम धर."

"धरतोय रे! धुक्यात काही दिसेल तर ना. हात टेकून पडलंय की डोकं खाजवतंय?"

"रडतंय वाटतं. आवाज येतोय बघ."

"रडतंय तर मग मी नाही मारणार. आधी सांगून ठेवतो."

"अरे, पिसाळलेलं आहे ते. धर नेम!"

तेइझोने तोंड उघडलं. माणूस आहे, पाहुणा आहे, मारू नका, यातलं एकही वाक्य सापडेना. जीव घशाशी आला होता आणि घशात चौतीस वर्षं मुरलेलं जे होतं, तेच बाहेर पडलं. स्वच्छ, शांत, खणखणीत आवाजात तो म्हणाला,

"दरवाजे बंद होत आहेत. कृपया पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहावे!"

चौघेही म्हातारे एकदम एक पाऊल मागे सरकले.

मग किहाचीने बंदूक खाली केली. "आता अस्वलं गाडीनेही यायला लागली का?"

पुढचा अर्धा तास फार वाकावाकीचा गेला. तेइझो शिकाऱ्यांपुढे वाकला, शिकारी तेइझोपुढे वाकले. पालिकेतून धावत आलेला नोझुए तर इतका खाली वाकला की त्याला वर यायला किहाचीने हात दिला. कोवळा, काडीसारखा माणूस, ओठ पांढरे पडलेले.

"सुगायासान, तुम्हाला गोळी लागली असती तर मी काय केलं असतं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग रडवेल्या आवाजात त्याने विचारलं, "आता कर्ण्यावर काय सांगू? चार वेळा सांगितलंय मी. शाळेतली मुलं अजून वर्गात कोंडून ठेवली आहेत."

तेइझोने हात जोडले. सारं खोरं त्याचं नाव ऐकणार, आणि डोंगर ते पुन्हा म्हणून दाखवणार. "माझं नाव नका घेऊ. पाया पडतो," तो म्हणाला.

"खरंतर माझंही नाव नाही आलं तर बरं," नोझुए पुटपुटला.

दोन घाबरलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. शिकाऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं. दहा मिनिटांनी कर्ण्यावरून जाहीर झालं की अस्वल कोणालाही इजा न करता आपल्या ठिकाणी परतलं आहे. यात खोटं असं काहीच नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला सराईच्या खालच्या खोलीत अर्धी आळी जमली होती. घरात एकटं बसवेना म्हणून आलेली माणसं गरम साकेचे पेले हातात धरून बोलत होती. न्हाव्याने अस्वल दोन पायांवर उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ते खिडकीबाहेरून तिच्याकडे बघून हसलं होतं. किहाची आपल्या पेल्यात बघत गप्प बसला होता. तेइझो आंघोळ करून, सराईचा किमोनो घालून आणि शिकाऱ्यांनी झाडाखालून आणून दिलेला चष्मा लावून कोपऱ्यात बसला होता. त्याचा कोट शेगडीजवळच्या दांडीवर वाळत होता आणि त्यातून थेंब थेंब गढूळ पाणी गळत होतं.

"सुगायासान, तुम्ही तर त्या वेळी बाहेरच होतात!" ओरिएबाई एकदम म्हणाल्या. "तुम्हाला दिसलं का हो?"

सगळी खोली त्याच्याकडे वळली. एवढी माणसं त्याच्याकडे बघताहेत आणि पुढे मायक्रोफोन नाही, असं आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"हो," तो म्हणाला. "अगदी जवळून."

"फार भयंकर होतं?"

तेइझोने थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "फार घाबरलेलं होतं बिचारं. कोणीतरी दार उघडावं एवढंच त्याच्या मनात होतं."

समोर बसलेल्या ताने आजींनी दांडीवरच्या कोटाकडे पाहिलं, खालच्या गढूळ थारोळ्याकडे पाहिलं, मग तेइझोकडे पाहिलं. उठून त्या त्याच्याजवळ आल्या आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.

"पुन्हा भेटलं तर त्याला म्हणावं," त्या म्हणाल्या, "दार वाजवताना आधी नाव सांगावं. आत म्हातारी एकटीच असते. तीही घाबरते."