सोमाबाईची फी

सोमाबाई माझ्याकडून एकही अक्षर फुकट घेत नसे.

मुकुटबनकडच्या एका गोंड वस्तीत मी तेव्हा मास्तर होतो. सरकारनं प्रौढांचे वर्ग नुकतेच काढले होते. रविवारी दुपारी शाळेच्या कुडाच्या खोलीत बाया जमत. त्यांतली सर्वांत म्हातारी आणि सर्वांत खट्याळ सोमाबाई. पहिल्या दिवशी मी पाटीवर 'ग' काढून दिला. तिनं तो गिरवला, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमचं अक्षर झालं. आता माहं गानं घ्या. फुकट कायी नाई घेत मी."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण बाई हटून बसली. शेवटी गोंडी लग्नगीताची एक ओळ मी कशीबशी म्हटली. बाया पदरात तोंड खुपसून हसल्या.

"नाकातून कायले काढता, मास्तर? पोटातून काढा!"

पुढं पुढं ती हातात छडी घेऊन बसायला लागली. माझीच छडी! तिची अक्षरं भराभर झाली. माझं एकच गाणं तीन महिने रखडलं. एकदा वैतागून मी विचारलं, "सोमाबाई, हे माझ्याच गळ्यात कशाला?"

त्या वस्तीत गाणं आईकडून लेकीकडे जायचं. मांडवात आई ओळ टाकी, लेक ती उचली.

"मले लेक नाई," ती म्हणाली. "पोरीइले शिकवाले गेली तं पयतात. शाळेत गोंडी बोललं का छडी बसते म्हनतात. मी मेली का गानं गेलं, मास्तर."

तो नियम माझाच होता. दुसऱ्याच दिवशी मी तो मोडला, पण पोरींची लाज काही मोडेना.

उन्हाळ्यात वस्तीत लग्न निघालं. सोमाबाईनं माझं मनगट धरलं आणि मला थेट बायांच्या रांगेत नेऊन उभं केलं. धोतर, टोपी आणि मिशा असलेली लेक! तिनं ओळ टाकली. मी उचलली आणि दुसऱ्याच शब्दाला घसरलो. मांडव हसून लोटपोट झाला.

"असं नाई, मास्तर!" माझ्याच चौथीतली एक पोरगी ओरडली आणि तिनं ती ओळ बरोबर म्हणून दाखवली. तिच्यामागून दुसरीनं उचलली, मग तिसरीनं. रविवारी कुडाला कान लावून, मला हसता हसता, कार्ट्यांनी अख्खं गाणं पाठ केलं होतं!

सोमाबाईला पुढची ओळ टाकताच येईना. ती रडत होती आणि हसतही होती. तिनं माझं मनगट सोडलं आणि त्या पोरीचा हात धरला. मी गुपचूप गड्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. जागेवरून हटवल्याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही.